डिस्कोसोमा मश्रूम आवरताना

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत खडकांवर पसरणारे डिस्कोसोमा (अळंबी नव्हे, मश्रूम म्हणतात तो प्रवाळासारखा मऊ सागरी प्राणी) ब्लेडने खरवडण्यात अर्थ नाही. खडकाला चिकटून राहिलेल्या तळाच्या तुकड्यातून पुन्हा नवे मश्रूम उगवते. सुटा खडक सरळ बाहेर काढला आणि छिन्नीने वरचा थर तळासकट उडवला. न निघणाऱ्या खडकावर मात्र चुनाच: कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात टूथपेस्टइतके घट्ट कालवले, पंप बंद केले, सिरिंजने मश्रूमच्या मधोमध तोंडात भरले आणि वरूनही लिंपले. अर्ध्या तासाने पंप सुरू. एका दिवशी चार-पाचच घ्यावीत, नाहीतर पीएच उसळतो. हातमोजे, चष्मा हवाच. (टपरीवरचा पानाचा चुना रसायन म्हणून तोच, पण शुद्धतेची हमी कोण देणार?) मेलेला बुळबुळीत भाग सायफनने लगेच ओढून घ्या, तो सडला की नायट्रेट वाढते आणि उरलेल्या मश्रूमांचे फावते.