जुना फुल-फ्रेम डीएसएलआर घ्यायला निघताना

लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळले आणि निकॉन डी८५०, कॅनन ५डीएस असले तगडे डीएसएलआर जुन्या बाजारात आले. घ्या खुशाल, पण तपासून घ्या.

चार्ज केलेली बॅटरी, मऊ फडकं, हे काय सांगायचं. कार्ड स्वतःचं न्या. डी८५०ला कार्डाची एक खाच एसडीची आणि एक एक्सक्यूडीची. दुसरं कार्ड आपल्याकडे सहसा नसतं, तेव्हा विकणाऱ्याला ते तयार ठेवायला आधीच सांगा. लॅपटॉपही न्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळंच झकास दिसतं.

आणि आपल्या लेन्सेस. एखादी नाही, सगळ्या. त्यांच्यासोबत ट्रायपॉड आणि स्टीलची फूटपट्टी. मागच्या खेपेला मी दुकानातल्या लेन्सवर, तेही फक्त लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, बघून पैसे मोजले आणि घरी आल्यावर कपाळाला हात लावला. म्हणून सांगतो: फोकस दोन्ही वाटांनी तपासा. व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमधून. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस ठरवणारा सेन्सर आरशाखाली, कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो आणि फोटो टिपणारा सेन्सर मागे. या दोन अंतरांत केसभर तफावत पडली की फोकस पुढे नाहीतर मागे सरकतो. १२ मेगापिक्सेलवर ते खपून जायचं. डी८५०च्या ४५.७ मेगापिक्सेलवर नवरीचे डोळे धूसर आणि कानातली कुडी लख्ख, असा प्रकार होतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस फोटोच्याच सेन्सरवर ठरतो, त्यामुळे तिथे ही चूक दिसतच नाही.

करायचं असं. मेनूत जाऊन एएफ फाइन-ट्यून, म्हणजे फोकस आकड्याने पुढेमागे सरकवायची सोय, आधी बंद करा. जुन्या मालकाने काही आकडे भरून ठेवलेले असू शकतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, ५० एमएमची लेन्स असेल तर दोनेक मीटरवर छापील कागद सरळ उभा, शेजारी फूटपट्टी तिरकी. अॅपर्चर पूर्ण उघडं, मधला एकच पॉइंट. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा, पाच-सहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, तितकेच लाइव्ह व्ह्यूमधून. मग लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर शेजारी शेजारी लावा. चूक दरवेळी एकाच बाजूला असेल तर फाइन-ट्यूनने सुटते. उणे २० ते अधिक २० एवढाच वाव आहे; काटा टोकाला जात असेल किंवा दर फोटोला चूक वेगळीच येत असेल, तर नमस्कार करून निघा. झूमला दोन्ही टोकांना बघा, कारण डी८५० एका लेन्ससाठी एकच आकडा ठेवतो. डाव्या-उजव्या कडेचे पॉइंटही बघा. विकणारा म्हणेल, "साहेब, एवढं कोण बघतंय?" तुम्ही बघा.

अंगावरून नजर फिरवताना हॉटशूच्या (वर फ्लॅश बसतो त्या) खोबणीत आणि डायलच्या फटीत बघा. हळदीच्या कार्यक्रमात वापरलेल्या कॅमेऱ्यात पिवळी भुकटी अडकलेली असते, दातकोरणीच्या टोकाला लागून येते. भुकटी निघेल, पण ती आत गेलेली असेल तर डायल फिरवताना आकडे उड्या मारतात. एफ/१६वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या, सेन्सरवरची धूळ दिसेल.

विकणारा एका दिवसासाठी कॅमेरा देत असेल तर वेरूळ गाठा. मंगळवार सोडून, तेव्हा लेणी बंद असतात. ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणूनच फोकसचं काम घरीच उरका. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी कैलास सावलीत आणि वर आकाश उजळ. आयएसओ ६४ ठेवा, आकाश पांढरंफटक होणार नाही इतकं एक्स्पोजर, रॉ फाइल. घरी काळ्या बेसॉल्टची सावली चार स्टॉप उचला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). छिन्नीच्या खुणा दिसायला हव्यात, पट्टे दिसता कामा नयेत. हाय आयएसओसाठी दहा नंबरचं लेणं, आतल्या अंधारात. दुपारी लांबचं काही टिपून शार्पनेस ठरवू नका. आपल्याकडच्या उन्हात झळांमुळे चांगली लेन्सही बदनाम होते. हातात धरून काढताना शटर नेहमीच्या दुप्पट वेगाचं.

हिमरूची शाल टिपली तर बारीक विणीवर रंगीत लाटा उठतील कदाचित. डी८५०ला अशा लाटा दाबणारा लो-पास फिल्टर नाही, तो दोष धरू नका.

मग राहिलं काय? शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो निघाले; डी८५०चं शटर दोन लाखांचं मानतात. झाकण लावून एक लांब एक्स्पोजर, अडकलेले पिक्सेल कळतात. दोन्ही खाचा. फ्लॅश. लॅपटॉपवर फाइल उघडते का. एकेक रॉ पन्नास एमबीच्या आसपास जाते. आणि फोकस, दोन्ही वाटांनी, आपल्या लेन्सवर. झालं नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या. झालं असेल तर भाव करा, चार्जर मागून घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.