जुन्या पिकअपचा पार्ट नावाने नाही, मापाने मागा

कापसाच्या नाहीतर केळीच्या हंगामात पंधरा-वीस वर्षांची पिकअप उभी राहिली की पार्टसाठी धावाधाव सुरू होते. दुकानात जाऊन "टाटा 207 चं मागच्या चाकाचं सील द्या" म्हटलं, की दुकानदार यादी बघतो आणि सांगतो, "ते बंद झालं." बंद झालेला असतो तो त्या नावाचा डबा. सील, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती (शाफ्टभोवती) बसून तेल अडवणारी रबरी कडी, मापाने बनतं, आणि त्याच मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात बहुतेक वेळा मिळतं.

जुना पार्ट सोबत नेल्याशिवाय बाजारात जाऊच नका. आधी तो डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने हलकेच घासा. कोरलेला नंबर वाचता येत नसेल तर त्यावर खडू चोळून कापडाने पुसा, खाचेतले आकडे पांढरे उठतात. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. चासी नंबर आरसीवरून घ्या आणि चासीवरच्या ठोक्याशी ताडून बघा. 17 अक्षरी नंबरात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, म्हणून गोल दिसलं की शून्यच समजा. कंपनीच्या काउंटरवर "आहे का?" एवढंच विचारून परत फिरू नका. "या नंबराच्या बदली नवा नंबर आलाय का?" हे मुद्दाम विचारा. जुन्या नंबराला शून्य स्टॉक आणि तोच पार्ट नव्या नंबराने कपाटात, असं पुष्कळदा होतं.

मग भावंडं शोधा. टाटा 207 डीआयचं 2956 सीसी इंजिन 407 च्याच घराण्यातलं आहे. महिंद्राचं 2523 सीसी डिझेल इंजिन कमांडर, मार्शल, बोलेरो, पिकअप अशा अनेक गाड्यांत बसलं. म्हणून 407 चा किंवा जीपचा माल ठेवणाऱ्याकडेही चौकशी करा. मात्र इंजिन एक असलं तरी पंप, क्लच, गिअरबॉक्स वेगळे असू शकतात. नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

बेअरिंगवर 6305 असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा: आतलं भोक 25 मिमी. हा हिशोब 04 पासून पुढे चालतो. 6305 चा बाहेरचा व्यास 62 मिमी, जाडी 17 मिमी. टेपर (निमुळत्या) बेअरिंगचा कोन, म्हणजे आतला भाग, आणि कप, म्हणजे बाहेरची कडी, जोडीनेच बदला. जुन्या कपात नवा कोन बसवला की लवकरच आवाज करतो. ऑइल सीलवर तीन मापं असतात: शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. पुसली असतील तर शाफ्ट आणि घर (सील ज्या भोकात बसतं ते) दोन्ही व्हर्निअरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, मोजा. खरी अडचण शाफ्टवर असते. जुन्या सीलच्या ओठाने तिथे खाच पडलेली असते, नखाला लागते. त्याच जागी नवं सील बसवलं तर तेल गळतच राहतं. घरात जागा असेल तर सील दीड-दोन मिमी सरकवून बसवा, नाहीतर खरादीकडून शाफ्टवर बारीक स्लीव्ह (पातळ नळी) चढवून घ्या. रबर विकत घेताना दाबून, किंचित वाकवून बघा. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं सील डब्यातच कडक होतं.

क्लच प्लेट घेताना व्यास, आतल्या खाचांची संख्या आणि खाचांचा व्यास तिन्ही जुळवा. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ती हाताने सरळ सरकली पाहिजे. क्राउन-पिनियनचे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांच्या जोडीचे, दात मोजा. 41 आणि 8 म्हणजे 5.125 चं गुणोत्तर. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होते, म्हणून एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीच चालत नाही.

कमानीचा पाटा तुटला तर रुंदी, जाडी आणि सेंटर बोल्टपासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी वेगवेगळी मोजा. पुष्कळ गाड्यांत पुढचा आणि मागचा भाग सारखा नसतो. उलटा बसला तर चाक जागेवरून सरकतं. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना मिळतात; मालगाड्यांच्या त्या पट्ट्यात कमानीवाल्यांकडे चौकशी करा. खानदेशात काहीच हाती लागलं नाही तर मापं आणि फोटो दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या व्यापाऱ्याला पाठवा. पार्सल निघण्याआधी त्याच्याकडून व्हर्निअर लावलेला फोटो मागवा.

भंगारातून दरवाजा, बंपर, ब्रॅकेट खुशाल घ्या. टाय रॉड एंड, ब्रेक सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे मात्र नवेच लावा, आणि ते लेथवर बनवून घेऊ नका. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) भोक मूळ मापाचंच हवं. 19.05 मिमीच्या जागी 22.22 चं लावलं तर पेडल कडक लागतं आणि तेवढ्याच जोरात ब्रेकचा दाब कमी मिळतो. भरलेली गाडी उतारावर थांबत नाही. भंगारातून अख्खं इंजिन घेत असाल तर बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं घेतल्याशिवाय उचलू नका, कारण आरटीओत आरसीवर नव्या इंजिनाची नोंद करून घ्यावी लागते.