बोअरमधलं लोखंड गेलं कुठं?

एप्रिल महिना, औसा तालुका. काळ्या पाषाणातल्या लोह-टायटॅनियमचा अंदाज घ्यायला बोअरमध्ये प्रोब (मोजणी करणारं नळकांडं) सोडला होता. आत कॅलिफोर्नियम-२५२ हा न्यूट्रॉनचा स्रोत आणि गॅमा किरण टिपणारा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर. खडकातलं अणुकेंद्रक न्यूट्रॉन गिळतं आणि लगेच ठरलेल्या ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. लोखंडाचे ठळक किरण ७.६३ एमईव्हीच्या (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) आसपास.

पण पाण्याची पातळी ओलांडून खाली गेलो की लोखंड निम्म्यावर! खडक तर तोच. मी आधी केबलच्या जोडावर खापर फोडलं, दोनदा स्पिरिटनं पुसला. फरक शून्य.

मग ड्रिलरभाऊ म्हणाले, "साहेब, सकाळपासून नळकांडं उन्हात पडलंय, हात लावला तर भाजतंय."

तिथंच ट्यूब पेटली. कॅलिब्रेशन, म्हणजे कोणता चॅनेल (मोजणीचा कप्पा) किती ऊर्जेचा हे ठरवणं, तापलेल्या प्रोबवर केलं होतं. पाण्यात तो गार झाला, गेन (सिग्नल मोठा होण्याचं प्रमाण) वाढला, आलेखातले सगळे पीक (शिखरं) उजवीकडे सरकले. पाण्यातल्या हायड्रोजनचा २.२२ एमईव्हीचा पीक २२२ ऐवजी २३३व्या चॅनेलवर बसला होता. लोखंडाचा तर त्याच्यासाठी ठरवलेल्या चॅनेलांच्या खिडकीबाहेरच.

उपाय सोपा निघाला. प्रोब चालू ठेवून चाळीस मिनिटं पाण्यात लोंबकळत ठेवला, मग कॅलिब्रेशन. शिवाय प्रत्येक खोलीच्या फाइलमध्ये हायड्रोजनचा पीक ओढून २२२वर आणला. पाणी भरलेल्या बोअरमध्ये ही खूणगाठ फुकटात मिळते. लोखंड परत आलं.

वरच्या केसिंगमधली रीडिंग मात्र टाकूनच दिली. तिथं पोलादाचा पाइपच लोखंड दाखवत होता.