गाडीला बॉडी किट चढवण्याआधी तिची बैठक बघा

आमच्या वाडीत गणपतीची शाळा आहे. चतुर्थी जवळ आली की तिथे ओल्या मातीचा वास आणि पोरांचा गोंगाट असतो, आणि कोपऱ्यात एक म्हातारे काका मान न वळवता मूर्ती रंगवत बसलेले असतात. एवढ्या मूर्तींमधली बिघडलेली तुम्हाला लांबून कशी कळते, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ब्रश न थांबवता म्हणाले, "आधी बैठक बघ, मगे डोळे."

हे वाक्य मला रेसिंग गेमच्या गॅरेजमध्ये आठवेल असं वाटलं नव्हतं. गेल्या गणपतीत भाचा डोंबिवलीहून लॅपटॉप घेऊन आला. पडवीत बसून त्याने निसान सिल्व्हिया सजवली होती. मागे उंबऱ्याएवढा स्पॉयलर, म्हणजे डिकीवरचा पंख, चारी चाकांवर रिव्हेटवाले फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, दारांवर ज्वाळा. "मामा, भारी ना?" खरं सांगायचं तर वरातीची गाडी दिसत होती, झेंडूच्या माळा तेवढ्या राहिल्या होत्या. दोन दिवस आम्ही तीच गाडी उलगडून पुन्हा बांधली. तो क्रम इथे देतो.

खेळ कोणता निवडायचा

हे आपल्याकडच्या मशीनवर आणि नेटवर ठरतं. 'फोर्झा होरायझन ५'ला सुमारे ११० जीबी जागा लागते, 'नीड फॉर स्पीड हीट'ला ५० जीबी. आमच्यासारख्या गावात मोबाईलच्या डेटावर हे उतरवायचं म्हणजे सोमवारी लावायचं आणि गुरुवारी खेळायचं. जुना संगणक असेल तर 'जीटीए' मालिकेतला २००४ चा 'सॅन अँड्रियास' अजून चालतो. त्यात 'व्हील आर्च एंजल्स' नावाचं गॅरेज खेळातल्या सॅन फिएरो शहरात आहे आणि एलेजी, सुलतान, जेस्टर अशा मोजक्याच गाड्यांना तिथे किट (बंपर, दारांखालचे स्कर्ट, फेंडर असा बाहेरच्या भागांचा संच) मिळतं. नुसता फोन असेल तर 'कारएक्स स्ट्रीट' बघा.

मी शिकलो ते रत्नागिरीत, कॉलेजात असताना, एका सायबर कॅफेत 'नीड फॉर स्पीड' मालिकेतला 'अंडरग्राउंड २' खेळून. तोही २००४ चाच. त्या खेळाची गंमत अशी की गाडीच्या दिसण्याला तारे मिळायचे. तारे वाढले की डीव्हीडीच्या मुखपृष्ठासाठी फोटोचं बोलावणं यायचं आणि ठरलेल्या वेळात गाडी त्या जागी न्यावी लागायची. त्यामुळे आम्ही सगळे तारे वाढवायला दिसेल ते गाडीला डकवायचो. वाईट सवय तिथेच लागली. खेळ भाग मोजत होता, सौंदर्य मोजत नव्हता.

त्याच मालिकेतल्या २००५ च्या 'मोस्ट वाँटेड'मध्ये उलट काटकसर होती. किट अख्खं एकच घ्यायचं, बंपर वेगळा आणि स्कर्ट वेगळा असं नाही. पण तिथे रंगरूप बदलण्याला कारण होतं. पोलिसांच्या लेखी तापलेली गाडी रंग आणि भाग बदलले की थंड व्हायची. २००६ च्या 'कार्बन'ने मग ऑटोस्कल्प्ट आणलं. बंपरचा आकार पट्टी सरकवून कमीजास्त करायचा, चाकाच्या आऱ्यासुद्धा. तिथे पुष्कळांनी गाडीचं मडकं केलं, मीही केलं.

गाडी निवडताना

पैसे द्यायच्या आधी त्या गाडीला भाग किती आहेत ते गॅरेजमध्ये जाऊन मोजा. आकड्यांना भुलून महागडी हायपरकार घ्यायची आणि मग तिला दोन स्पॉयलर आणि चाकं यापलीकडे काही नाही असं निघायचं, हे नेहमीचं रडगाणं आहे. नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या घ्या. सिल्व्हिया, स्कायलाइन, आरएक्स-७, सिव्हिक. यांना भाग जास्त असतात, कारण खऱ्या जगात याच गाड्यांसाठी किट बनवणाऱ्यांची रांग होती आणि खेळवाल्यांनी तिथूनच उचललं.

'हीट'मध्ये आणखी एक अडचण आहे. दिवसा पैसे मिळतात, रात्री नाव (लौकिक) मिळतं, आणि बरेच भाग नावाची पातळी वाढली तरच उघडतात. म्हणून सुरुवातीचे पैसे सजावटीत घालू नका. इंजिन आणि टायर आधी, कारण रात्रीच्या शर्यती जिंकल्याशिवाय चांगला बंपर दिसणारही नाही.

बैठक

आता मुद्द्याची गोष्ट. किटला अजून हात लावू नका. मूळ गाडी आहे तशी ठेवून तीनच गोष्टी बदला: चाकं, उंची आणि चाकांचा पसारा.

चाक एका मापाने मोठं करा, फार तर दोन. रिम मोठी झाली की टायरची भिंत बारीक होते, आणि ती दोरीएवढी उरली की गाडी खेळण्यासारखी दिसते. सावंतवाडीच्या लाकडी गाड्या शोभतात, कारण त्या खेळणीच आहेत.

मग उंची कमी करा. टायरचा माथा आणि फेंडरची कमान यांच्यात दोन बोटांची फट राहील इतपतच. पट्टी एकदम तळाला ओढली की चाक फेंडरमध्ये शिरल्यासारखं दिसतं. भाच्याने तेच केलं होतं. त्यानंतर चाकं बाहेर काढा, टायर फेंडरच्या कडेशी सरळ रेषेत येईपर्यंत. 'हीट'मध्ये उंची, पसारा आणि कॅम्बर या तिन्हींच्या पट्ट्या आहेत. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकवणं. किंचित दिलं तर गाडी पाय रोवून उभी राहिल्यासारखी वाटते, जास्त दिलं की पाय मोडलेल्या वासरासारखी.

आता कॅमेरा गाडीच्या बाजूला, जमिनीलगत न्या आणि बघा. एकही भाग न लावता गाडी चांगली दिसत असेल तर पुढे चला. दिसत नसेल तर किट तिला वाचवणार नाही. या एका पायरीवर आम्ही अख्खी दुपार घालवली आणि माझ्या मते ती वाया गेली नाही.

(ही उंची खेळातच ठेवा. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर अशी गाडी गोठ्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही, ते सोडाच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. काचांवरच्या काळ्या फिल्मवर तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली.)

किट चढवण्याचा क्रम

बहुतेक जण पुढच्या बंपरपासून सुरू करतात, कारण यादीत तो पहिला असतो. फेंडरपासून सुरू करा. गाडी किती रुंद होणार हे फेंडर ठरवतो, आणि बंपर व स्कर्ट यांना त्या रुंदीशी जुळायचं असतं. आधी अरुंद बंपर आवडून घेतला आणि मग रुंद फेंडर लावला, तर सांध्यावर पायरी दिसते. घराला मागाहून जोडलेल्या पडवीसारखी. 'अंडरग्राउंड २'मध्ये तर रुंद किट निवडलं की बंपर आणि स्कर्ट त्याच्याबरोबरच येत, म्हणजे आधी घेतलेल्या बंपरचे पैसे पाण्यात.

रिव्हेट दिसणारे रुंद फेंडर आले कुठून, तर जपानमधून. लिबर्टी वॉकचे वातारू कातो आणि रॉकेट बनीचे केई मिउरा ही त्यातली दोन मोठी नावं. खऱ्या गाडीवर हे किट बसवताना मूळ फेंडर कापावा लागतो आणि नवा वरून स्क्रूने आवळतात, म्हणून ते स्क्रू दिसतात. कातोंनी महागड्या लँबोर्गिनी, फेरारी कापल्या म्हणून कितीतरी लोक हळहळले होते. हे कळलं की खेळातला फेंडर निवडताना डोळा बदलतो. स्क्रू नक्षीचे नाहीत, ते तिथे कामाला आहेत. म्हणून अशा किटबरोबर रंग साधा शोभतो.

'फोर्झा'त या दोन्ही नावांची किट मिळतात, पण ती बंपर-स्पॉयलरच्या पानावर शोधाल तर सापडणार नाहीत. जिथे इंजिन बदलायचा पर्याय आहे त्या पानावर ती ठेवलेली आहेत. मी अर्धा तास शोधत होतो. तिथे किट लावलं की गाडीच्या कामगिरीचा आकडाही बदलतो. ए वर्ग ८०० पर्यंत, त्यापुढे ९०० पर्यंत एस१. ए वर्गात बसवलेली गाडी किटमुळे ८०१ वर गेली की त्या शर्यतीला बाद, म्हणून किट आधी लावा आणि इंजिनाचं गणित नंतर जुळवा.

फेंडरनंतर बाजूचे स्कर्ट, मग मागचा बंपर, मग पुढचा. पुढच्या बंपरची खालची रेघ, स्कर्टची रेघ आणि मागच्या बंपरची रेघ बाजूने बघताना एका ओळीत यायला हवी. एवढं पाळलंत तरी गाडी निम्मी जमली. बॉनेट शक्यतो मूळचंच ठेवा. बॉनेटवर तीन भोकं आणि वर फुगवटा असं घेतलं की पुढून बेडूक दिसतो.

स्पॉयलर सर्वात शेवटी, आणि इथे भाच्याशी माझं भांडण झालं. त्याचं म्हणणं, मोठा स्पॉयलर म्हणजे वेगवान गाडी. 'हीट'मध्ये मोठा-छोटा, कुठलाही लावा, वेगाला काही फरक पडत नाही, तो दिसण्यापुरता आहे. 'फोर्झा'त मात्र फरक पडतो, आणि तो त्याला वाटत होता त्याच्या उलट. पंख गाडीला खाली दाबतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १०० किमीला जेवढा, त्याच्या चौपट २०० ला. वळणावर त्याचा फायदा, पण सरळ रस्त्यावर वाऱ्याचा अडथळाही तसाच वाढतो आणि कमाल वेग घटतो. शिवाय नुसता मागेच पंख लावला तर मागचा भाग दबतो, पुढचा हलका पडतो आणि वेगात वळताना गाडी नाक वळवायला तयार होत नाही. म्हणून तिथे पुढचा फोर्झा बंपर आणि मागचा फोर्झा पंख जोडीने घ्या, दोन्हींचा दाब पट्टीने बदलता येतो. दिसायला तो पंख सुंदर नाही, हे मान्य. आमच्या सिल्व्हियावर शेवटी बदकाच्या शेपटीसारखा छोटा स्पॉयलर राहिला.

रंग, म्हणजे डोळे

भाग पक्के झाल्यावर गाडी एकदा साध्या राखाडी रंगात बघा. चकाकी नको. आकार चुकला असेल तर राखाडीत लपत नाही.

रंगाची कल्पना सुचत नसेल तर बंदरावर जा. मालवण, हर्णै, मिरकरवाडा, कुठेही. होड्यांचा तळ गडद, वर एक-दोन भडक पट्टे, आणि नाव पुढच्या टोकाकडे. गाडीलाही हे लागू पडतं. स्कर्ट आणि बंपरच्या खालच्या कडा काळ्या केल्या की गाडी आहे त्याहून खाली बसल्यासारखी दिसते. भाच्याने वर निळा, मधे पिवळा पट्टा आणि खाली काळा असं घेतलं. ज्वाळा त्याने स्वतःच पुसल्या.

दारावर मराठी नाव लिहायचं असेल तर सहनशक्ती लागते. 'फोर्झा'च्या अक्षरांत देवनागरी नाही, अक्षर आकारांतून बांधावं लागतं. आडवी पट्टी म्हणजे शिरोरेषा, उभी पट्टी म्हणजे काना, अर्धवर्तुळाला छेद देऊन पोट. 'रवळनाथ' आम्हाला दीड तास लागला. नाव निवडताना जोडाक्षरं टाळा, लक्ष्मी काढायला बसलात तर अनंत चतुर्दशी उजाडेल. आणि एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला उलटवून चिकटवलंत तर अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी होतात. आकृती उलटवा, नाव त्या बाजूला सरळ करून पुन्हा बसवा.

फोटो काढायचा तर कॅमेरा चाकाच्या उंचीला आणा, थोडा लांब न्या आणि झूम करा. जवळून काढला की नाक फुगतं. वेळ संध्याकाळची ठेवा, सूर्य गाडीच्या बाजूला, म्हणजे फेंडरचा फुगवटा सावलीमुळे उठतो.

शेवटचं एक. 'फोर्झा'त रंगकाम आणि ट्यूनिंग, म्हणजे गाडीची जुळवणी, वेगवेगळं सेव्ह होतं. भाच्याने ट्यून सेव्ह केला, रंग नाही, आणि नवी गाडी घ्यायला सिल्व्हिया विकून टाकली. लक्षात आलं तेव्हा आरतीची वेळ झाली होती. रात्री जेवणं झाल्यावर तो पुन्हा 'र'पासून बसला.