रास्पबेरी घेऊन वेल्ह्याकडे निघण्याआधी

घड्याळ. बाकीची यादी नंतर वाचलीत तरी चालेल, आधी रास्पबेरीचं, म्हणजे रात्रभर दुर्बीण आणि कॅमेरा चालवून ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या रास्पबेरी पाय नावाच्या त्या छोट्या संगणकाचं, घड्याळ बघा. घरी वाय-फाय असतं, ती चालू झाल्या झाल्या इंटरनेटवरून वेळ उचलते आणि आपल्याला वाटतं हिला वेळ कळते. कळत नाही. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर सेलवर चालणारं घड्याळच नाही. बंद होताना ती शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुन्हा चालू झाली की तिथूनच पुढे मोजायला लागते. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला घरी सगळं तपासून बंद केलंत आणि आठला रेंज नसलेल्या माळावर चालू केलंत, तर तिच्या लेखी अजून साडेपाचच वाजलेत. तारीख बरोबर, वर्ष बरोबर, म्हणून नजर फसते. कोऱ्या घड्याळाचं १९७० साल दिसलं असतं तर कुणीही दचकलं असतं.

आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. दोन मिनिटांची चूक झाली की दुर्बीण एक चंद्र बाजूला. अडीच तासांची चूक म्हणजे साडेसदतीस अंश.

यावर सगळे म्हणतात, मग काय झालं, प्लेट सॉल्व्हिंग आहे ना! मीही हेच म्हणालो होतो. फोटो काढून दुर्बीण कुठल्या ताऱ्यांकडे बघतेय हे एकोस (फोटोंचं सगळं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर) शोधून काढतं, माउंट (दुर्बीण फिरवणारी मोटरची बैठक) सिंक करतं, लक्ष्य चौकटीच्या मध्यावर येतं, गायडिंगचा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरत राहण्याचा) आलेख सपाट. पण ते तारे आत्ता पूर्वेला आहेत की याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला गेलेत, हे फोटोवरून ठरत नाही, ते घड्याळावरून काढावं लागतं. जानेवारीच्या मध्याला मृगातला तेजोमेघ, एम ४२, पुण्याहून रात्री साडेदहाच्या सुमारास याम्योत्तर ओलांडतो. तेव्हा माउंटने पलटी मारून नळी दुसऱ्या बाजूला घ्यायची असते. अडीच तास मागे असलेल्या रास्पबेरीच्या घड्याळात साडेदहा वाजतात तेव्हा आपल्या मनगटावर एक वाजलेला असतो. तोवर माउंट इमानेइतबारे पश्चिमेकडे वळत राहते आणि कॅमेरा ट्रायपॉडच्या तंगडीला जाऊन भिडतो. मागच्या थंडीत माझा भिडला. मी गाडीत झोपलो होतो. गाइड तारा सुटल्यावर लॅपटॉप कोकलला म्हणून उठलो, नाहीतर मोटर ढकलतच राहिली असती.

खूण तर संध्याकाळीच मिळाली होती. ध्रुवाशी माउंटचा अक्ष जुळवताना एकोस जी रेषा काढून देतं, तिच्यावरून तारा सरळ सरकेना, तिरका सुटत होता. वेळ चुकली की वर-खाली आणि डावी-उजवी या दिशाच फिरतात. मी स्क्रूला शिव्या घातल्या. तुम्हाला असं काही दिसलं तर स्क्रू सोडा, घड्याळ बघा.

उपाय तीन आहेत, त्यातले निदान दोन सोबत ठेवा. पहिला, डीएस३२३१ या सेलवाल्या घड्याळाचा चिमुकला मॉड्यूल. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो, रास्पबेरीच्या पिनांवर थेट बसतो, वर्षाला मिनिटभराहून जास्त चुकत नाही. मात्र तो खोचला म्हणजे काम झालं असं नाही. कॉन्फिग फाइलमध्ये त्याची ओळ टाकावी लागते आणि एकदा नेटवर असताना बरोबर वेळ त्याच्यात लिहावी लागते. हे करून, वाय-फाय बंद ठेवून, रास्पबेरीची वायर काढून तासाभराने परत चालू करा आणि मगच विश्वास ठेवा. दुसरा, यूएसबीचा जीपीएस. वेळही देतो, अक्षांश-रेखांशही देतो, फक्त उघड्यावर ठेवून थोडा धीर धरावा लागतो. तिसरा, फोनचं हॉटस्पॉट, पण तिथे रेंज असेल तरच, आणि जिथे आकाश चांगलं तिथे रेंज बेभरवशाची. काहीच नसेल तर टर्मिनलमध्ये हाताने वेळ घाला. फोनच्या घड्याळावरून घातलेली वेळ काही सेकंदांनी चुकली तरी चालते, तासांनी चुकलेली चालत नाही.

पाय ५ वाल्यांनी हसू नये. तिच्यावर घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा विकत घेऊन छोट्या सॉकेटला जोडावा लागतो. सेल नसेल तर वीज गेली की तेही कोरं. केस्टार्स (एकोस ज्याच्या आत असतं तो ताऱ्यांच्या नकाशाचा प्रोग्रॅम) लॅपटॉपवर आणि रास्पबेरीवर नुसतं इंडी (उपकरणांशी बोलणारा भाग) चालवत असाल तर वेळ लॅपटॉपची जाते, तिथे धोका कमी. तरी सेटिंगमध्ये केस्टार्स सगळ्या उपकरणांना वेळ देतंय की माउंट केस्टार्सला देतेय, हे बघून घ्या. माउंटची वेळ म्हणजे मागच्या वेळी हँड कंट्रोलरवर कुणी काय दाबलं होतं ते.

वेळेच्या जोडीला टाइम झोन. साडेपाच तास, पूर्ण पाच किंवा सहा नाही. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपली वेळ यांची गल्लत झाली तर दुर्बीण साडेब्याऐंशी अंश भलतीकडे. जागा पुणे निवडली तरी पुरते, १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व. वेल्हं काही इतकं लांब नाही.

आता वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ अँपिअर. पाय ५ ला ३ अँपिअरचा चार्जर दिला तर ती यूएसबीचा करंट सगळा मिळून ६०० मिलीअँपिअरवर आवळते, आणि मग कॅमेरा मध्येच गायब झाला म्हणून तुम्ही ड्रायव्हरला दोष देत बसता. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) लावणार असाल तर रास्पबेरी जोडण्याआधी मल्टिमीटरने ५.१ व्होल्ट मोजा. बारीक, लांब वायर घेऊ नका, तिच्यातच व्होल्टेज मरतं. ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं, पण तिथे स्क्रीन कुठाय? एकदा घरीच सगळं जोडून, कॅमेऱ्याचा कूलर आणि दवपट्टी (काचेवर दव बसू नये म्हणून गुंडाळायची तापणारी पट्टी) पूर्ण चालू ठेवून तासभर चालवा. मग थ्रॉटलिंगची (वीज कमी पडली होती का ते सांगणारी) कमांड देऊन उत्तर निव्वळ शून्य येतंय का बघा.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. माउंट, थंड केलेला कॅमेरा, दवपट्ट्या, रास्पबेरी मिळून चार-पाच अँपिअर धरले तर आठ तासांना ४० अँपिअर-अवर होतात, त्यावर थोडं जास्तच ठेवा. गाडीच्या बॅटरीवर चालवू नका. पहाटे धक्का मारायला तिथे कोणी नसतं.

इंटरनेटशिवाय काय काय चालत नाही याची परीक्षा घरीच घ्या. राउटर बंद करा, एचडीएमआयची वायर काढा, मोबाइल डेटा बंद करा आणि मग सुरुवात करा. तीन गोष्टी लगेच उघड्या पडतात. व्हीएनसी (रास्पबेरीची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवणारं) उघडतं पण काळी पाटी दिसते, कारण मॉनिटर नसेल तर डेस्कटॉप तयारच होत नाही. त्यासाठी आभासी स्क्रीनचं रिझोल्यूशन आधी ठरवून द्यावं लागतं. दुसरं, रास्पबेरीने स्वतःचं हॉटस्पॉट सुरू केलं पाहिजे, आणि त्याचा पत्ता तुम्हाला पाठ हवा. नेटवर्क मॅनेजरने केलेलं असेल तर बहुधा १०.४२.०.१ असतो. तिसरं, प्लेट सॉल्व्हिंगच्या इंडेक्स फाइल्स, म्हणजे फोटो ज्यांच्याशी जुळवून बघायचा त्या ताऱ्यांच्या याद्या. घरी नेटवरच्या सेवेकडून उत्तर येत असतं, म्हणून कार्डावर फाइल्स नाहीत हे कळतच नाही. तुमच्या चौकटीच्या १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत मापाच्या सगळ्या फाइल्स उतरवा. ४०० मिमीची दुर्बीण आणि एपीएस-सी सेन्सर असेल तर चौकट साधारण साडेतीन अंश रुंद, म्हणजे २० कलांपासून (६० कला म्हणजे एक अंश) वरच्या. प्लेट सॉल्व्हिंगला ॲस्टॅप हा दुसरा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याची ताऱ्यांची यादी. आणि ही परीक्षा चालू असतानाच चौथी गोष्ट बघा, घड्याळ. राउटर बंद असताना. राउटर चालू ठेवून घड्याळ तपासणं म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून पेपर सोडवणं.

यूएसबी ३ ची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये गोंगाट करते. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि रास्पबेरीला धातूचा डबा घेतला असेल तर परत करा, सिग्नल आतच राहतो. डबा नळीवर बसवायचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या वायरी आखूड होतात आणि माउंटपासून खाली फक्त विजेची एकच वायर लोंबते. तीही सगळ्या दिशांना माउंट फिरवून कुठे अडकतेय का ते उजेडात बघा. पट्ट्या वेल्क्रोच्या, प्लास्टिकच्या टाय नकोत, अंधारात कापायला गेलं की वायरच कापली जाते.

माउंट आणि फोकसर दोघंही टीटीवाय-यूएसबी नावाने येतात, आणि शून्य कोण व एक कोण हे चालू होण्याच्या क्रमावर ठरतं. आज बरोबर, उद्या उलट. इंडीमध्ये पोर्ट निवडताना सीरियल बाय-आयडीतलं लांबलचक नाव निवडा, ते बदलत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अपडेट करायचं नाही. नाहीच. नवी आवृत्ती कितीही खुणावत असली तरी पौर्णिमेच्या आठवड्यात करा. सगळं चालतंय असं एकदा पटलं की कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर घ्या आणि ते बॅगेत टाका. फोटो कार्डावर साठवू नका, एसएसडी लावा. २६ मेगापिक्सेलची एक १६ बिटची फाइल ५२ एमबीची होते. दोन-दोन मिनिटांचे फोटो सहा तास घेतले की जवळपास साडेनऊ जीबी.

जागा. वेल्हं, पानशेतच्या पलीकडे, भोरची बाजू, पुण्याचा उजेड पाठीशी ठेवा. आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, दरीत उतरून बसलात तर उत्तरेचा डोंगर त्याला गिळतो. प्लेट सॉल्व्हिंगने अक्ष जुळवायला ध्रुव दिसायलाच हवा असं नाही, घड्याळ मात्र बरोबर लागतं (सांगितलं ना?). एवढ्या कमी अक्षांशावर काही माउंटांचा वजनाचा दांडा पुढच्या तंगडीला लागतो, तेही घरीच गच्चीवर कळलेलं बरं. नारायणगावच्या बाजूला जात असाल तर खोडदच्या अँटेनांपासून लांब बसा. ४५ मीटरच्या ३० अँटेनांची ती रेडिओ दुर्बीण आहे, आपल्या स्वस्त कन्व्हर्टरचा खरखराट तिच्या कानात जायला नको. शिवाय त्या भागात उसात बिबटे असतात. ज्याचं रान आहे त्याला दिवसाच भेटा, "दादा, रात्रभर थांबतोय, ताऱ्यांचे फोटो काढायचेत" एवढं पुरतं. न सांगता लाल दिवे लावून बसलात तर मध्यरात्री काठ्या घेऊन चौघं येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

अमावास्या कालनिर्णयात बघालच. स्वेटर, पाणी, डबा, लाल टॉर्च, तुम्ही लहान नाही.

पोचल्यावर उजेड असतानाच ट्रायपॉड, समतोल, वायरी. वीज द्या, हॉटस्पॉट पकडा, आणि एकोस उघडण्याआधी फोनवरचं सेकंदांचं घड्याळ रास्पबेरीच्या घड्याळाशेजारी धरा. डीएस३२३१ लावलेला असला तरी. जीपीएस असला तरी. मग केस्टार्समध्ये एखादा ओळखीचा तारा घ्या, रोहिणी किंवा व्याध, आणि तो नकाशात जिथे दिसतोय तिथेच खरोखर आकाशात आहे का ते नुसत्या डोळ्यांनी बघा. अर्ध्या मिनिटाचं काम. मेरिडियन फ्लिपची (त्या पलटीची) वेळ एकोसमध्ये लिहिलेली असते, ती मनगटावरच्या वेळेशी ताडा, आणि पहिली पलटी होईपर्यंत झोपू नका.

फोकस, अक्ष, गायडिंगचं कॅलिब्रेशन, नेहमीचं. दवपट्टी काच ओली व्हायच्या आधी चालू करायची, नंतर नाही. डार्क (झाकण लावून काढायचे फोटो) पहाटे, फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो) उजाडताना नळीवर पांढरा टी-शर्ट ताणून. माउंट पार्क, थंड केलेल्या कॅमेऱ्याचं तापमान हळूहळू वर, रास्पबेरीला शटडाउन द्या आणि हिरवा दिवा थांबेपर्यंत वायर उपटू नका, कार्डं अशीच मरतात. दव पुसून झाकणं लावा. घरी पोचलात की पेट्या पुन्हा उघडून ठेवा, ओलं सामान बंद पेटीत राहिलं तर काचेवर बुरशी येते.