खासगी ईमेल सेवा की स्वतःचा मेल सर्व्हर? निवडताना या चुका टाळा

फुकट मेल सोडायची ठरवली की बहुतेक जण थेट कंपन्यांची तुलना करायला बसतात. पहिली चूक इथेच होते. आधी ठरवायचा तो पत्ता.

सेवेच्या नावाचा पत्ता घेतलात, तर ती सेवा सोडताना बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळीकडे तो बदलत बसावं लागतं. डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) स्वतःचं असेल, तर एमएक्स नोंद, म्हणजे त्या नावाची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी नोंद, बदलली की नवी मेल नव्या ठिकाणी येऊ लागते. मात्र डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका, आणि ज्या कंपनीकडे ते नोंदवलंय तिथल्या खात्याला त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलण्याची मेलही येणार नाही.

आता सर्व्हर. मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स आणि ती वाचायला देणारं डोव्हकॉट ही सॉफ्टवेअर बसवणं अवघड, असा समज आहे. मेलकाऊसारख्या तयार संचांनी ते बरंच सोपं केलंय. मेल येऊही लागते. खरी परीक्षा पाठवलेली मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोचते का, ही आहे.

सर्व्हरच्या लॉगमध्ये (कामाच्या नोंदवहीत) ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर बहुधा बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बंद आहे. अनेक क्लाउड कंपन्या आणि घरगुती इंटरनेट देणारे ते मुद्दाम अडवतात. कॉन्फिगरेशनमध्ये तासन्‌तास शोधून काही हाती लागत नाही. पोर्ट उघडं असेल तर पीटीआर नोंद, म्हणजे आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) कोणत्या नावाचा हे सांगणारी नोंद, तपासा. ती तुमच्या डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) पॅनेलमध्ये होत नाही, आयपी ज्याच्याकडून घेतलाय त्याच्याकडे होते, आणि तिथलं नाव सर्व्हर सांगत असलेल्या नावाशी जुळलं पाहिजे. एक जागा हमखास सुटते: आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या आयपीची पीटीआर नीट असते, पण सर्व्हर आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या आयपीवरून मेल पाठवत असतो आणि जीमेल ती परत पाठवतं. आयपीव्ही६ ची नोंद करा, नाहीतर त्यावरून पाठवणं बंद करा. घरच्या कनेक्शनचा बदलता आयपी तर स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांवरून थेट मेल येऊ नये अशा आयपींच्या) असण्याचीच शक्यता जास्त.

तुमच्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे सांगणाऱ्या एसपीएफच्या दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या की तपासणीच फसते. नोंद एकच हवी, आणि तीत दहापेक्षा जास्त डीएनएस शोध नकोत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) लागतं. तुम्ही दोन्ही ठेवा. या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारं डीमार्क मात्र पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’वर (नाकारा) नको. ‘नन’वर (काही करू नका) ठेवून येणारे अहवाल वाचा, मग कडक करा.

सर्व्हर रात्रभर बंद पडला म्हणून घाबरू नका. नीट चालणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून साधारण चार-पाच दिवस पुन्हा प्रयत्न करतात. बॅकअपविना डिस्क गेली तर मात्र सगळं जातं.

खासगीपणाबद्दलचे गैरसमज मला जास्त धोकादायक वाटतात. समोरचा जीमेल वापरत असेल आणि मेल एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) केलेली नसेल, तर तुमचं पत्र गूगलकडे पोचतंच. भाड्याचा सर्व्हर घेतला तरी डिस्क दुसऱ्याच्याच ताब्यात असते. प्रोटॉन मेल या खासगी सेवेत विषयाची ओळ एंड-टू-एंड (फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल अशी) एन्क्रिप्ट होत नाही. शिवाय सेवा कायद्याबाहेर नसते: २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशानंतर प्रोटॉनला एका खात्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला, मजकूर दिला गेला नाही. तुम्ही नेमकं कोणापासून काय लपवताय, हे पैसे भरण्याआधी स्पष्ट हवं. रोजचं मेल अ‍ॅप चालतं का तेही पाहा: टूटा ही दुसरी खासगी सेवा आयमॅप (इतर अ‍ॅपमध्ये मेल वाचायची पद्धत) देत नाही, प्रोटॉनला त्यासाठी सशुल्क खात्यासोबत ब्रिज हे त्यांचं जोड-सॉफ्टवेअर लागतं.

माझा कौल स्पष्ट आहे. बँक, नोकरी, उपचार यांचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर, पण खासगी सेवेकडे ठेवा. सर्व्हर चालवायची मनापासून हौस असेल तर दुसऱ्या डोमेनवर चालवा, आणि काही महिने तुमची मेल सगळीकडे बिनबोभाट पोचली, बॅकअपमधून एकदा सगळं परत आणून पाहिलं, की मगच मुख्य पत्ता तिकडे हलवा.