ऑर्किड मरतंय? आधी मुळं बघा, आणि या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीत आमच्या गल्लीतला एक मुलगा परवा कुंडी घेऊन दारात उभा. "अक्का, रोज पाणी घालतोय की, तरी पानं पिवळी का पडालीत?" मी पानांकडं बघितलंच नाही, कुंडी उलटी केली तर आतनं बागेतली काळी माती निघाली, आणि मूळ चिमटीत धरल्यावर साल निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. मी 35 वर्षं लॅबमध्ये बुरशी आणि बॅक्टेरिया बघितले, आणि ऑर्किड त्याच्याही आधीपासून, कॉलेजात असताना जांबोटी रोडला वादळात मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड सापडलं तेव्हापासून. एवढ्या वर्षांत लोकांनी दाखवायला आणलेली बहुतेक झाडं अशीच मुळं गुदमरून गेलेली होती.

आपण विकत आणतो ती फॅलेनोप्सिस, डेंड्रोबियम, वांडा ही सगळी मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. त्यांच्या मुळांवर स्पंजसारखा जाड थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात, त्यातल्या पेशी मेलेल्या आणि पोकळ असतात, पाऊस आला की पाणी भरून घेतात आणि मग वाऱ्यानं वाळतात. हे वाळणं पण मुळाला लागतंच. मातीत ते होतच नाही. म्हणून कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, एवढंच भरा, कोळसा इस्त्रीवाल्याकडं पण मिळतो, फक्त लाकडाचा आहे ना विचारून घ्या. आणि पाणी वार बघून घालू नका, मूळ बघून घाला: हिरवं दिसतंय म्हणजे अजून ओलं आहे, चंदेरी पांढरं झालं की घाला.

मुळं कुजलेली सापडली तर घाबरू नका. मऊ, तपकिरी तेवढी कापा, कडक असतील ती ठेवा. पण कात्री आधी गॅसवर तापवून घ्या, आणि दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी परत तापवा, हे मी हात जोडून सांगते, कारण ऑर्किडचे व्हायरस बहुतेक वेळा कात्रीवरनं या झाडातनं त्या झाडात जातात आणि त्याला औषध नाही. लॅबमध्ये सुई दरवेळी ज्योतीत धरायची सवय लागली ती मला बागेत सगळ्यात जास्त उपयोगी पडली. कापल्या जागी दालचिनीची पूड लावतात ते चालतं, पण चांगल्या मुळांवर टाकू नका, ती सुकवते. मग एक दिवस सावलीत वाळू द्या आणि नवीन कोळशात लावा.

आता आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथं कपडे वाळत नाहीत तर मुळं कुठनं वाळणार, आणि खानापूर, कणकुंबीकडं तर विचारूच नका. एका जुलैमध्ये लग्नाला म्हणून मी चार दिवस धारवाडला गेले आणि फॅलेनोप्सिस पागोळीखाली राहिली, आल्यावर मधला कोंब हातात आला, खाली वास मारत होता. तो बॅक्टेरियाचा सडवा, एकदा कोंबात शिरला की झाड सहसा वाचत नाही. निसर्गात ही झाडं फांदीला तिरकी लोंबतात, पाणी कोंबात साठतच नाही, आपण कुंडीत सरळ उभी करतो तिथंच घात होतो. तिरकी बांधा, पत्र्याखाली घ्या, जमलं तर छोटा पंखा लावा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचा, नवीन मुळांची हिरवी टोकं त्या एका रात्रीत खातात.

उलटी चूक पण होते. आपल्या घाटातल्या काही डेंड्रोबियमची पानं पावसाळा संपल्यावर गळतात, नुसत्या काड्या राहतात, आणि लोक मेलं म्हणून फेकून देतात. मी स्वतः फेकलंय, त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्याच उघड्या काड्यांवर फुलं येतात. काडी टणक आहे तोवर ते जिवंत आहे. तेवढे महिने पाणी अगदी कमी आणि खत बंद.

फुलंच येत नाहीत म्हणणाऱ्यांनी पानाचा रंग बघा. गडद हिरवं पान म्हणजे ऊन कमी पडतंय, जरा पोपटी हवं. सकाळचं कोवळं ऊन द्या, नाहीतर 50 टक्क्यांची शेडनेट. फॅलेनोप्सिसला काही आठवडे गार रात्री मिळाल्या की दांडा येतो, आणि ती थंडी बेळगावात फुकट मिळते, म्हणून नोव्हेंबरात ती खोलीत कोंडू नका. खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम आठवड्याला, बास. बोअरचं पाणी घालून कोळशावर पांढरा थर बसला असेल तर पावसाचं पाणी साठवून धुवून काढा.

बी पेरून बघितलं, उगवलं नाही, असं पण विचारतात. एका शेंगेत बिया लाखांनी असतात, पण धुळीसारख्या, आत शिदोरीच नाही. रानात एक बुरशी त्यांना खाऊ घालते, हे 1899 मध्ये नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं, आणि 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर (जेलीसारखा थर) बी रुजवलं. जन्मभर लॅबमध्ये बुरशी मारायला शिकले आणि घरी आल्यावर कळलं की माझं लाडकं झाड रानात तिच्याशिवाय जन्मतच नाही. मी पण काचेच्या बाटलीत सीतेची वेणी रुजवली, पहिलं फूल यायला सात वर्षं लागली, मे महिन्यात आलं आणि मी सगळी गल्ली बोलावली.

म्हणून चोर्ला, भीमगडकडं फिरायला गेलात आणि फांदीवर आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, दिसली तर ओरबाडून आणू नका. अभयारण्यातनं झाड काढणं गुन्हा आहेच, पण असं ओरबाडलेलं झाड गच्चीत सहसा जगतही नाही. फ्लास्कमध्ये वाढवलेली रोपं नर्सरीत मिळतात, ती घ्या, आणि घेताना फुलं नंतर बघा, आधी कुंडी उचलून खालनं मुळं बघा.